दर्याला कळलेलं खोटं

मुलांनो, कल्पना करा, पण डोळे उघडे ठेवून करा. डोळे मिटून हात जोडणाऱ्यांचं काय होतं, तीच ही गोष्ट आहे.

तुम्ही मालवणजवळच्या सुरूवाडीच्या किनाऱ्यावर उभे आहात. साल २००८, मार्गशीर्षातली सकाळ. समोर दर्या, पाठीमागे सुरूची झाडं आणि मधल्या वाळूत अख्खी वाडी जमलेली. पालथ्या घातलेल्या होडीवर वाघाच्या कातड्याचा छाप असलेली चादर अंथरून शंखनाथ महाराज बसले आहेत. दाढी छातीपर्यंत, गळ्यात कवड्या आणि उजव्या कानाला लावलेला हा एवढा मोठा शंख.

"अलख दरिया!" महाराज गरजतात. "समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली. पंधरावं कुठे गेलं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"ते तुमच्यासमोर बसलंय!"

तुम्ही हसलात ना? तिथे कोणी हसलं नाही. बायांनी पदर सावरून नमस्कार केला.

"दर्या मला नाव सांगतोय... नाना! नाना कोण?"

नाना म्हणजे वाडीच्या रापणीचे मुख्य. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते पाण्यात फिरवून आणते, मग सगळी वाडी दोन्ही दोर धरून ओढते आणि येईल त्या मासळीचे वाळूवर वाटे पडतात. दिवाळीपासून मात्र जाळ्यात शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या येत होत्या. बाहेर मोठे ट्रॉलर रात्रंदिवस मासळी उपसत होते, हे नानांना दिसत होतं. पण ट्रॉलरवाल्यांशी भांडणं कठीण, दर्या रुसला म्हणणं सोपं.

"माजांच नाव नाना," ते पुढे आले.

"तुझा मुलगा बाळा. मुंबईला. नोकरी सुटून तीन महिने झाले. तुझ्यापासून लपवलं त्याने."

नानांनी तिथल्या तिथे मोबाइल काढून मुलाला फोन लावला. "बाळा, नोकरी सुटली मा तुजी?" पलीकडून हुंदका आला. नाना मटकन वाळूत बसले आणि त्यांनी महाराजांचे पाय धरले.

त्या दिवसापासून वाडी महाराजांची झाली. "नारळी पौर्णिमेला तुम्ही दर्याला साधा नारळ दिलात," महाराज म्हणाले. "त्याला सोन्याचा हवाय." मग कोणी कानातली कुडी आणली, कोणी तान्ह्याच्या बारशाची अंगठी. महाराजांचा शिष्य सत्यवान ते सगळं लाल कापडात बांधून ठेवू लागला. हा सत्यवान जाड मिशांचा आणि घुम्या. दुपारी मात्र तो "ध्यानाला" म्हणून मालवणला जायचा. ध्यानासाठी एसटीने बाजारात का जावं लागतं, असं कोणी विचारलं नाही.

गर्दीत तेरा वर्षांची दिव्या आईचा हात धरून उभी असायची. तिची आई नर्मदा मासळी विकायची. वडील शंकर तीन वर्षांपूर्वी रापणीची होडी उलटून गेले होते. वाडीची जुनी रीत अशी, की रापणीचा माणूस गेला तरी त्याच्या बायकोचा वाटा चालू राहतो. त्या वाट्यावर दोघींचं घर चालत होतं.

गुरुवारी महाराजांनी शंख कानाला लावला आणि एकदम दचकल्यासारखं करून दूर केला.

"इथे एक बाई आहे. तिचा नवरा दर्याने नेला. ती दर अमावास्येला गुपचूप किनाऱ्यावर येते. एकटी. नारळ सोडते आणि काहीतरी पुटपुटते. तुमच्या रापणीला तिने बांध घातलाय!"

कोणी नाव घेतलं नाही. फक्त माना वळल्या.

नर्मदेचा चेहरा पांढरा पडला. "मी घोवाच्या नावान सोडतंय ओ," ती कशीबशी म्हणाली. "करणी नाय ती. आणि अमावास्येक तर..."

"म्हणजे सोडतेस!" महाराज ओरडले. "कबूल!"

मग काय विचारता! "बगा गो, तोंडावरसून कळता काय?" एक म्हणाली. "तीन वर्सां आमच्या वाट्यातला खाल्ल्यान आणि आमकाच बांध!" दुसरी म्हणाली. तिसरीने वाळूची मूठ फेकली. ती नर्मदेच्या केसांत गेली. मग सगळ्यांनाच वाळू दिसू लागली.

नानांनी देवळाच्या पायरीवर उभं राहून देव रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या बाईचो वाटो आजपासून रापणीतसून बाजूक काडलो, तो मान्य करून घे रे महाराजा!" आणि साऱ्या वाडीने "होय महाराजा!" म्हणून साद दिली. शेवटचा निकाल रविवारी. रविवारी नर्मदेने वाडी सोडायची की नाही, ते शंख सांगणार होता.

घरी आल्यावर नर्मदा चुलीपुढे बसली ती बसलीच. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दिव्या, खरांच माज्या नारळामुळे झाला असात काय गो? माका ठावक नाय, पण असात. नायतर तेका कसा कळला? मी कोणाक म्हणान सांगूक नाय."

हे त्या दिवसातलं सगळ्यात भयंकर वाक्य होतं. वाळू फेकणाऱ्यांनी तिला चेटकीण म्हटलं, ते एक वेळ सोसता आलं असतं. आता ती स्वतःच स्वतःला चेटकीण म्हणू लागली होती.

आईने कोणाला सांगितलं नव्हतं. दिव्याने सांगितलं होतं.

आताच्या मुलांना ऑर्कुट हे नाव ठाऊक नसेल. फोटो टाकायचे, ओळखी करायच्या आणि एकमेकांच्या पानांवर निरोप लिहायचे, अशी ती इंटरनेटवरची जागा होती. मुंबईतल्या पोरांनी तिथे सुरूवाडीचा एक गट केला होता. नानांच्या बाळाने त्यात गप्पांचा एक धागा काढला, "गाऱ्हाणां हयसर घाला," म्हणजे गाऱ्हाणी इथे घाला. आपल्याकडे गाऱ्हाणं मोठ्याने, चारचौघांत घालतात, घराचं नाव, आजार, भांडण, काही लपवायचं नाही, कारण ऐकणारा देव असतो. पोरांनी तीच सवय कॉम्प्युटरवर नेली. कोणाची नोकरी सुटली, कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या घरी दारू आहे, सगळं लिहिलं आणि बाकीच्यांनी खाली "होय महाराजा" टाइप केलं. फरक इतकाच, की ऐकणारा देवच असेल याची खात्री कोणी केली नाही.

दिव्यानेही लिहिलं होतं, "माज्या आयेक सुखी ठेव." दुसऱ्याच दिवशी तिला शेवंतीताईचा निरोप आला. शेवंतीताई, मूळची सुरूवाडीची, राहायला मुंबईला. किती गोड बोलायची! "तुझी आई का गं दुःखी असते? मला मोठी बहीण समज." मग दिव्या आठवड्यातून दोनदा शाळेनंतर मालवणच्या सायबर कॅफेत जाऊ लागली. आईचा नारळ तिने शेवंतीताईला सांगितला. सांगताना थोडी फोडणीही घातली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती किरण सरांपुढे उभी राहिली. सर शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. ते कधी घाईने उत्तर देत नसत. तिचं सगळं ऐकून ते म्हणाले, "फोडणी कसली घातलीस?"

"अमावास्येची. आये अमावास्येक जात नाही, सर. पप्पा सतरा तारखेला गेले, म्हणून ती दर सतरा तारखेला सकाळी जाते. पण मला वाटलं, अमावास्या लिहिलं की ताईला जास्त वाईट वाटेल."

"आणि महाराज काय म्हणाले?"

"अमावास्या."

सरांनी खडू उचलला, पुन्हा ठेवला. दिव्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत होतं आणि त्यांना ते मोडायचं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "नारळ तर दर्यातच पडतो. दर्याला कळलं असतं, तर खरं कळलं असतं. त्याला माझं खोटं कसं कळलं?"

"छान," सर म्हणाले. "हे खोटं तू किती जणांना सांगितलंस?"

"एकटीलाच."

"तिला पाहिलंयस कधी? आवाज ऐकलायस? फोटो आहे?"

"पिवळ्या फुलांचा आहे."

"ती सुरूवाडीची आहे, हे कोणी सांगितलं?"

दिव्याने मान खाली घातली. "तिनेच."

"मग आपण आत्ता जाऊन वाडीला सांगू या का?"

"नको. म्हणतील, आईला वाचवायला बोलते. चेडू आवशीक वाचवता."

"बरोबर. म्हणून सांगायचं नाही, तपासायचं. शेवंतीताईला एक गोष्ट सांगायची, जी जगात कुठेही घडलेली नाही. ती फक्त शेवंतीताईकडे असेल. रविवारी ती शंखातून बाहेर आली, तर?"

दिव्याने बोटं मोजली. "नानांना बहीण नाही, सर. तीन भाऊच. आपण एक बहीण देऊ या."

दुपारी साडेतीनला दोघं नितेशच्या कॅफेत गेले. प्लायवूडची सहा खुराडी, प्रत्येकात एक यंत्र. दिव्याने टाइप केलं, "ताई, एक गुपित सांगू? नानांना काशी नावाची बहीण होती. सात वर्षांची असताना रापणीच्या दोरात अडकून बुडाली. घरात तिचं नाव कोणी काढत नाही. तू कोणाला सांगू नकोस हं."

तिने बटण दाबलं. कोपऱ्यातल्या खुराड्यातला की-बोर्डचा खडखडाट थांबला. जरा वेळाने पुन्हा सुरू झाला आणि दिव्याच्या पडद्यावर उत्तर उमटलं, "नाही गं राणी, मी कोणाला सांगणार? जिवाची मैत्रीण ना तू माझी!"

सरांनी मान वाकवून बघितलं. कोपऱ्यातल्या प्लायवूडखाली भगव्या लुंगीचा काठ आणि दोन काळेभोर केसाळ पाय दिसत होते. शेवंतीताई डाव्या पायाने उजवा पाय खाजवत होती.

दिव्या उठायला गेली. सरांनी तिचा खांदा दाबला. "आत्ता नाही. आत्ता धरलं, तर हा एकटा सापडेल आणि शंख सुटेल." त्यांनी नितेशला हळूच बोलावलं, नोंदवही बघितली आणि दिव्याच्या पानावरचे जुने-नवे सगळे निरोप तारखा-वेळांसकट छापून घेतले.

रविवारी किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. एका बाईला गावाबाहेर काढताना बघायला मिळणार होतं ना! नर्मदेला एकटीला मध्ये बसवलं होतं. नानांची ऐंशी वर्षांची आई पद्मावती प्लास्टिकच्या खुर्चीवर, अगदी पुढे.

महाराजांनी शंख लावला. डोळे मिटले. हळूहळू त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खरंखुरं पाणी, कला होती ती.

"नाना... एक लहान मुलगी रडतेय. सात वर्षांची. रापणीच्या दोरात अडकलीय. म्हणते, दादा, मला विसरलास? तिचं नाव... का... काशी!"

लोकांच्या तोंडून हाय निघाली. नाना आ वासून आईकडे बघू लागले. तेवढ्यात मागून वाडीतल्याच गुरुदासची म्हातारी मावशी डोळे पुसत म्हणाली, "होय गो बाये, माका आठवता ती काशी! गोरीपान होती. माझ्या वांगडा खेळा!"

दोघी-तिघींना लगेच काशीची वेणीही आठवली.

"तिला सोडवायला नारळ दुप्पट सोन्याचा हवा," महाराज म्हणाले. "आणि तिला बांधून ठेवणारी ही बाई आज..."

"खंयची काशी?"

आवाज खुर्चीतून आला होता. पद्मावती काठी टेकत उठली.

"माई, तुझी मुलगी..."

"अरे मेल्या, माका चार झील झाले. चेडू झालाच नाय कधी. माझ्या पोटात कोण होता, ता माका ठावक की तुज्या शंखाक?"

"माई, दुःखाने विसर पडतो..."

"बाळंतपण इसारता कोण रे? तुजी आवस तुका इसारली काय?"

पहिल्यांदाच वाडी हसली. हसू कडेकडेने आलं आणि मध्ये येऊन थांबलं, कारण किरण सर पुढे आले होते.

"पद्मावतीआजी, ही काशी शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता जन्मली," सर म्हणाले. "मालवणच्या सायबर कॅफेत. तिची जन्मदाती इथे आहे."

दिव्या कागद घेऊन उभी राहिली. काशीचा निरोप तिने वाचला, शब्दन् शब्द. तारीख वाचली, वेळ वाचली. मग तिने दुसरा कागद काढला. सर हळूच म्हणाले, "तो नाही वाचलास तरी चालेल. आता सिद्ध झालंय."

"नाय, सर," ती म्हणाली, आणि वाचू लागली. "ताई, माझी आई दर अमावास्येला गुपचूप समुद्रावर जाते, नारळ सोडते आणि पप्पांशी बोलते. मला भीती वाटते..." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "ही अमावास्या खोटी आहे. ती मी बनवली. आये सतरा तारखेक जाता. महाराजांक दर्यान सांगूक नाय. मी सांगलंय."

नर्मदेने मान वर केली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. ती महाराजांकडे बघत नव्हती, दिव्याकडे बघत होती.

तेवढ्यात सरांबरोबर आलेल्या नितेशने लाल कापडाचं गाठोडं घेऊन मागच्या मागे सरकणाऱ्या सत्यवानाचा हात पकडला. "खंय चललंस रे? सर, हीच ती शेवंतीताई! म्हयनोभर माज्या कोपऱ्यातल्या मशीनीर बसता. नोंदवहीत हेची सही आसा."

मिशीवाल्या शेवंतीताईला बघून वाडी खदखदून हसली. मग हसणं संपलं आणि वाळू उडू लागली. हात तेच, वाळू तीच. फक्त तोंडं दुसरीकडे वळली होती. "मारा मेल्याक!" म्हणणारा आवाजही गुरुवारचाच होता. सर मध्ये पडले, पोलीस येईपर्यंत दोघांना होडीमागे बसवून ठेवलं, आणि त्या गडबडीत दोन दगड सरांनाही लागले. सोनं निम्मंच मिळालं. बाकीचं आधीच कुठेतरी पोचलं होतं.

"आता ऐका," सर कपाळावर रुमाल धरून म्हणाले. "ह्या माणसाकडे कसलीही सिद्धी नाही. तुमच्या पोरांनी गटावर लिहिलं, ते ह्याच्या शिष्याने वाचलं. जे लिहिलं नव्हतं, ते शेवंती होऊन गोड बोलून काढून घेतलं. आणि तेच तुम्हाला शंखातून परत ऐकवलं. बाळाची नोकरी गटावर होती, नाना. सगळ्या जगाने वाचली, फक्त तुम्ही वाचली नव्हती. कोणाला आपल्या घरातलं कळलं, की लगेच पाया पडू नका. आधी विचारा, याला हे सांगितलं कोणी?"

मुलांनो, आज ऑर्कुट नाही. आज यंत्र तुमच्या खिशात आहे आणि शेवंतीताईला एसटीने मालवणला जावं लागत नाही. फुलाचा फोटो लावलेला कोणी तुमच्या दुःखाबद्दल फार आपुलकीने विचारू लागला, तर दुःख सांगण्याआधी त्या माणसाला प्रत्यक्ष बघितलेल्या कोणाला तरी विचारा. आणि घरातल्या दुसऱ्याचं गुपित तर कोणालाच देऊ नका. ते तुमच्या मालकीचं नसतं. दिव्या वाईट मुलगी नव्हती. आईवर माया होती म्हणूनच तिने लिहिलं. फसवणाऱ्याला तीच माया लागते.

त्या दिवशी घरी आल्यावर नर्मदेने केसांतली वाळू झटकली. दिव्या दारात उभी होती.

"माका इचारलंस?" नर्मदा म्हणाली. "लिवच्याआदी एकदा तरी माका इचारलंस?"

एवढंच. वाडीतलं कोणी दारात आलं नाही. वाळू फेकणाऱ्या बायांना काशीबद्दल पुष्कळ बोलायचं होतं, नर्मदेबद्दल काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढली. त्या दिवशी बांगडे आले. फार नाही, पण आले. वाळूवर वाट्यांचे ढीग पडू लागले आणि एकेका घराचं नाव पुकारलं जाऊ लागलं. नर्मदा आली नव्हती. दिव्या आईची मासळीची पाटी घेऊन आली होती. शेवटचं नाव पुकारून झालं. नर्मदेचं आलंच नाही.

"नानानू, आमचो वाटो?"

नाना जाळं झटकू लागले. "देवाक गाऱ्हाणा घालून बाजूक काडललो तो, बाये. परत घेवचो तर परत गाऱ्हाणा व्हया, बैठक व्हयी. पुडच्या म्हयन्यात बगूया."

"काडलो तेव्हा म्हयनो लागलो नाय तो."

नाना पुन्हा जाळं झटकू लागले. बाकीचे आपापल्या ढिगाकडे बघत राहिले.

दिव्याने पाटी वाळूवर ठेवली. पहिल्या ढिगापाशी गेली, त्यातला एक बांगडा उचलला आणि पाटीत टाकला. "नर्मदेचो वाटो," ती मोठ्याने म्हणाली. दुसऱ्या ढिगातून एक. "नर्मदेचो वाटो." गुरुदासच्या मावशीने आपल्या ढिगावर हात आडवा धरला, मग दिव्याच्या तोंडाकडे बघून काढून घेतला. तिसऱ्यातून एक, चौथ्यातून एक. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नको म्हटलं नाही. असं करत ती शेवटच्या ढिगापाशी आली. तो नानांचा होता आणि नाना त्याच्यापुढे उभे होते.

"नानानू, जरा बाजूक होवा," दिव्या म्हणाली, आणि वाकली.